चप्पलच्या शीटमधून चित्रपटातील चिलखत: ईव्हीए फोमचे परीक्षण

हॅलोविनसाठी चित्रपटातील एखाद्या पात्राचा संपूर्ण पोशाख घरी घडवायचा असेल, तर शिरस्त्राण, छातीचे चिलखत आणि हातापायांवरची कवचे यांच्यासाठी आपल्याकडे सहज मिळणारे सर्वांत उपयोगी साहित्य म्हणजे ईव्हीए फोमची शीट होय; आणि सोलापुरात ती घ्यायची असेल, तर ऑनलाइन ‘कॉस्प्ले फोम’ (पात्रांचे हुबेहूब वेश करणाऱ्यांसाठी विकले जाणारे फोम) शोधत बसण्याआधी चप्पल-बुटांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शीटमधून चप्पलचे तळ कापले जातात, तीच शीट पोशाखाच्या कामाला उत्तम चालते. तिच्यात काही दोष आहेत, त्यांतील एक गंभीर आहे, आणि त्यांविषयीही मी पुढे सविस्तर लिहिणार आहे.

३१ ऑक्टोबरला, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील सर्व संतांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी, अमेरिकेत मुले वेश पालटून दारोदार खाऊ मागत फिरतात. आपल्याकडे हा दिवस पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतून आणि इंग्रजी बालवाड्यांतून रुजू लागला आहे. पुण्यातील अशाच एका सोसायटीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याला ‘स्टार वॉर्स’मधील काळ्या चिलखतातला खलनायक डार्थ व्हेडर व्हायचे होते आणि भाचीला ‘ब्लॅक पँथर’मधील राणी रामोंडा. दोन्ही पोशाख सोलापुरात तयार झाले, आणि त्यांतील चिलखताचा व मुकुटाचा सगळा भार या शीटने उचलला. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

शीटकडे वळण्याआधी मूळ पोशाख कसा घडला होता हे पाहणे आवश्यक आहे, कारण साहित्याची निवड त्यावरच ठरते. १९७७च्या चित्रपटासाठी व्हेडरचे रूप प्रथम चित्रकार राल्फ मॅक्वेरी यांनी रेखाटले. पटकथेच्या सुरुवातीच्या मसुद्यात हे पात्र एका यानातून दुसऱ्या यानात अंतराळाच्या पोकळीतून जाणार होते, म्हणून त्याला श्वास घेता यावा यासाठी त्यांनी मुखवटा सुचवला. शिरस्त्राणाच्या मागे पसरलेल्या कडेवर जपानी सामुराई योद्ध्यांच्या टोपाची छाप आहे. पुढे वेशभूषाकार जॉन मोलो यांनी हे रूप प्रत्यक्षात आणताना लंडनच्या एका वेशभूषा भांडारातून मोटारसायकलस्वाराचा पोशाख, जर्मन सैनिकी शिरस्त्राण, गॅसचा मुखवटा आणि मध्ययुगीन साधूचा झगा अशा निरनिराळ्या वस्तू एकत्र करून पाहिल्या. जगभर ओळखले जाणारे हे रूप अशा हाताशी असलेल्या मालाच्या जुळणीतून आकाराला आले, ही गोष्ट घरी पोशाख घडवणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी आहे. त्यांच्या हाताशी लंडनचे भांडार होते, तर आपल्या हाताशी चप्पलची शीट, गणवेशाचे कापड आणि टेरी टॉवेल आहेत. आणि हा माल कोणत्याही अर्थाने कमी प्रतीचा नाही.

मोलो यांचे नाव मराठी वाचकाला आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. ‘स्टार वॉर्स’च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले, आणि पुढे १९८३मध्ये ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी हा पुरस्कार कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्यासह स्वीकारला. ऑस्कर मिळवणाऱ्या अथैया या पहिल्या भारतीय. एकीकडे काळे अंतराळ-चिलखत आणि दुसरीकडे ‘गांधी’सारखा चित्रपट, अशा दोन टोकांच्या कामांत एकाच माणसाचा हात असावा, याचे मला अतिशय अप्रूप वाटते.

आता शीटविषयी. ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, हे बंद छिद्रांचे फोम आहे. गादीचा स्पंज पाणी पितो. ईव्हीए पीत नाही. ते वजनाला हलके असते, धारदार पात्याने लोण्यासारखे कापले जाते, तापवले की वळते आणि थंड झाले की घेतलेला आकार धरून ठेवते. या शेवटच्या गुणामुळेच ते पुठ्ठा, सनबोर्ड आणि थर्माकोल या तिघांनाही मागे टाकते. पुठ्ठ्याला एकाच दिशेने बाक देता येतो, सनबोर्ड दुमडताना मोडतो, आणि थर्माकोलवर सॉल्व्हंटचा गोंद किंवा स्प्रेचा रंग पडला की ते विरघळते. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर २०१८पासून राज्यात बंदी आहे, तेव्हा त्याचा विचारही करू नये.

दुकानात शीट जाडीवर मागितली जाते: २, ४, ६, १० एमएम. ग्राहक बहुधा जाडी सांगून मोकळा होतो, परंतु पोशाखासाठी घनता अधिक महत्त्वाची आहे. एकाच जाडीच्या दोन शीट हातात घेतल्या तर एक फुसकी आणि दुसरी भरीव लागते. फुसक्या शीटची छिद्रे मोठी असतात, तिची कापलेली कड खडबडीत दिसते आणि तापवल्यावर ती आकार धरण्याऐवजी आक्रसते. अतिभरीव शीट चप्पलच्या तळाला चांगली, पण ती कवटीच्या गोलाईवर बसत नाही. मधली निवडावी. तिची पारख सोपी आहे: अंगठ्याचे नख जोराने रुतवून सोडावे, खूण काही क्षणांत जवळजवळ भरून आली आणि पृष्ठभागावर चीर राहिली नाही, तर शीट कामाची आहे. नंतर ती दुमडून बाकाच्या बाहेरच्या बाजूला पाहावे. तेथे पांढुरकी रेघ उमटत असेल तर ती शीट घेऊ नये.

या शीट मोठ्या ठोकळ्यातून चिरून काढतात, त्यामुळे मधल्या शीटच्या दोन्ही बाजू सारख्या आणि मंद पोताच्या असतात, तर ठोकळ्याच्या अगदी वरच्या व खालच्या शीटची एक बाजू गुळगुळीत असते. व्हेडरसारख्या चकचकीत चिलखतासाठी ही गुळगुळीत बाजू मिळाली तर मागून घ्यावी. रंगकामाचा निम्मा त्रास वाचतो. खेळण्याच्या खोलीत जमिनीवर अंथरायच्या, एकमेकांत अडकवायच्या चटयाही ईव्हीएच्याच असतात आणि अनेक जण त्यांपासून सुरुवात करतात. परंतु त्यांच्या एका बाजूला नक्षी असते आणि जाडी बहुधा एकाच मापाची मिळते, म्हणून छातीच्या पेटीसारख्या ठोकळेबाज भागांपुरताच त्यांचा उपयोग करावा, असे मी सुचवीन.

सोलापुरातील या दुकानांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. तेथील मंडळींना हॅलोविनशी काही देणेघेणे नसते, पण मालाची जाण पक्की असते. मी नेलेला शिरस्त्राणाचा कागदी नमुना दुकानातील वयस्कर कारागिराने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “मालक, ह्याला सहा एमएम बास होतंय. दहा घेतलं तर पोराची मान दुखंल.” गोंदाच्या डब्याकडे बोट दाखवून त्यांनी दुसरा सल्ला दिला: “दोन्हीकडं पातळ लावा, बोटाला चिकटंनासं झालं की जोडा, अन् एकदाच जोडा. परत उचलायचं नाही.” ऑनलाइन खरेदीत चकचकीत वेष्टनातली शीट घरपोच येते, पण असे बोल तिच्यासोबत येत नाहीत. दराचा विचार केला तरी बाजारातील शीट बरीच स्वस्त पडते, आणि काही दुकानदार अर्धी शीटही कापून देतात.

मापे घेण्यासाठी मुलाच्या जुन्या टी-शर्टवर स्वयंपाकघरातील पातळ चिकट फिल्म गुंडाळावी, तिच्यावर मास्किंग टेपचा एक अखंड थर द्यावा, त्यावर पेनाने चिलखताच्या रेषा आखाव्यात आणि ते कवच पाठीकडून कापून काढावे. रेषांवरून तुकडे वेगळे केले की अंगाच्या गोलाईचा सपाट नमुना हाती येतो. जेथे तुकडा सपाट होण्यास नकार देतो तेथे शिवणकामातल्याप्रमाणे चिमटा घ्यावा. शेजारच्या तुकड्यांवर एकमेकांसमोर खुणा करून ठेवणे फार गरजेचे आहे, कारण फोमवर उतरवल्यानंतर डावे-उजवे ओळखू येत नाही.

कापण्यासाठी मोडता येणाऱ्या पात्याचा कटर पुरतो, पण ईव्हीए पाते लवकर बोथट करते, आणि बोथट पाते कड ओढत नेते. कड दातेरी दिसू लागली की पात्याचे टोक मोडून नवे पुढे घ्यावे. पाते उभे धरले तर कड काटकोनात येते आणि तिरपे धरले तर उतरती. शिरस्त्राणाचा घुमट बनवताना कलिंगडाच्या फोडींसारख्या पाकळ्या एकमेकींना भिडवाव्या लागतात, तेथे ही उतरती कडच सांधा बंद करते.

व्हेडरचे शिरस्त्राण ही या शीटची खरी परीक्षा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. घुमटाच्या पाकळ्या कापून झाल्यावर प्रत्येक पाकळी हीट गनने, म्हणजे अतिशय गरम हवा फेकणाऱ्या हातयंत्राने, तापवली. गन एका जागी न ठेवता सतत फिरवत राहिल्यास पृष्ठभागावर एक सूक्ष्म बदल दिसतो: मंद पोत क्षणभर ओलसर चमकल्यासारखा होतो. वरची छिद्रे मिटल्याची ती खूण असते, आणि पाकळी वळवायची वेळही तीच. त्या क्षणी ती उपड्या पातेल्यावर दाबून धरली की थंड होईपर्यंत पातेल्याची गोलाई तिच्यात उतरते. चमक येऊन गेल्यावरही उष्णता देत राहिले तर कड आत मुडपते आणि धूर येऊ लागतो. हा धूर श्वासात जाऊ नये, म्हणून हे काम गच्चीवर किंवा उघड्या अंगणातच करावे आणि मुलांना दूर ठेवावे.

मागची पसरती कड घुमटापेक्षा अवघड आहे, कारण तिला दोन दिशांनी बाक असतो. येथे ६ एमएमची शीट तापवून ताणली तर ती साथ देते, परंतु उन्हाळी गरमीत काही काळाने ताण सुटून कड खाली लोंबते. कडेच्या आत बाइंडिंगची तार बसवून वर २ एमएमचा पट्टा चिकटवणे हा त्यावरचा उपाय आहे. मुखवट्याचे गाल आणि तोंडापुढची त्रिकोणी जाळी यांच्यासाठी २ आणि ४ एमएमचे पट्टे लागतात. नमुना कागदाची घडी घालून दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करण्याचा मोह होतो. मूळ मुखवटा मात्र शिल्पकार ब्रायन म्यूर यांनी मातीत हाताने घडवलेला असल्याने त्याच्या दोन बाजू काटेकोरपणे सारख्या नाहीत, आणि १९७७च्या चित्रपटात त्यावर चकचकीत काळा व धातूसारखा करडा असे दोन रंग होते, जे पडद्यावर एकच काळा वाटतात. आम्ही गालांच्या पाळ्यांवर हा करडा रंग हलक्या हाताने दिला, आणि उजेडाखाली मुखवट्याला जो उठाव आला तो नुसत्या काळ्याने आला नसता.

डोळ्यांसाठी पारदर्शक ओएचपी शीटवर मोटारीच्या काचेची काळी फिल्म लावून भिंगे तयार केली. दिवसा त्यांतून चांगले दिसते. संध्याकाळी जिना उतरताना दिसत नाही. म्हणून मुखवटा घुमटापासून वेगळा आणि झटकन काढता येईल असा ठेवावा.

गोंदाच्या बाबतीत त्या कारागिराचा सल्ला अक्षरशः पाळावा. चप्पलवाले ज्याला नुसते सोल्यूशन म्हणतात ते रबरी गोंद, किंवा फेविकॉल एसआरसारखे सिंथेटिक रबराचे गोंद, दोन्ही पृष्ठभागांवर लावून वाळू दिल्यावर पहिल्या स्पर्शातच धरतात, आणि मग तुकडा सरकवून जुळवण्याची सोय राहत नाही. म्हणूनच आधी केलेल्या खुणांचे मोल येथे कळते: एका टोकाची खूण जुळवायची, मग दुसऱ्या टोकाची, आणि शेवटी मधला भाग बोटांनी चिमटत जायचे. योग्य रीतीने धरलेला सांधा ओढून पाहिल्यास शेजारचे फोम फाटते, सांधा सुटत नाही. ग्लू गनची कांडी झटपट काम करते खरी, पण सोलापूरच्या उन्हात ती मऊ पडते, आणि झटपट चिकटवणारे सुपरग्लू सांध्याला कडक व ठिसूळ करतात. रबरी गोंदाची वाफ ज्वालाग्राही आणि आरोग्यास घातक असते; गोंदाचा डबा उघडा असताना हीट गन चालू करू नये, हा नियम घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावा.

येथवर शीटने भरघोस गुण मिळवले. तिची कमजोर बाजू रंगकामात दिसते. कच्च्या ईव्हीएवर थेट दिलेला रंग पृष्ठभागावरच्या उघड्या छिद्रांत मुरतो, ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि वाकवल्यावर तडकतो. पॉलिश पेपरने घासले की पृष्ठभाग लवदार होतो, त्यामुळे घासल्यानंतर पुन्हा एकदा हीट गन फिरवून लव मिटवावी लागते. घासताना उडणारी भुकटी नाकातोंडात जाऊ नये म्हणून मास्क हवाच. त्यानंतर छिद्रे बुजवणारा थर द्यायचा. पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे अनेक पातळ हात हा स्वस्त मार्ग आहे, आणि शिरस्त्राणासारख्या न वाकणाऱ्या भागावर तो उत्तम ठरतो. प्रत्येक हात पूर्ण वाळून पारदर्शक झाल्याशिवाय पुढचा देऊ नये. मात्र पायावरची कवचे, पट्टा आणि खांद्याचे भाग चालताना वाकतात, आणि तेथे हा थर भेगाळतो. त्या भागांसाठी रबरासारखा लवचीक थर देणारा स्प्रे ऑनलाइन मागवावा लागला; तो महाग आहे, पण त्याला समाधानकारक पर्याय मला बाजारात मिळाला नाही. इतके करूनही आरशासारखी झळाळी या साहित्यावर येत नाही. तिरप्या उजेडात फोमचा पोत जाणवतो. चित्रपटातल्यासारखी काच-चमक हवी असेल, तर ईव्हीए हे त्याचे साहित्य नाही, हे आधीच समजून घ्यावे.

भाचीच्या मुकुटाच्या बाबतीत हा दोष उलट कामाला आला. ‘ब्लॅक पँथर’च्या वेशभूषेसाठी रूथ कार्टर यांना ऑस्कर मिळाले, त्यातील राणीचा रुंद, गोलाकार मुकुट झुलू विवाहित स्त्रियांच्या पारंपरिक टोपीवरून सुचला असून तो त्रिमितीय छपाईने तयार केला गेला होता. त्याची नाजूक जाळी फोममध्ये जशीच्या तशी उतरवणे शक्य नव्हते. म्हणून ४ एमएमच्या शीटचा वर रुंद होत जाणारा गोल करून त्यावर २ एमएमच्या बारीक पट्ट्यांची भूमितीय नक्षी चिकटवली, आणि हस्तिदंती रंगाचे मंद हात दिले. येथे चमक नकोच होती; फोमचा मंद पोत त्या रंगाखाली शोभून दिसला, आणि एवढा मोठा मुकुट डोक्यावर असूनही तिने मान अवघडल्याची तक्रार केली नाही.

शीट कितीही चांगली असली तरी तिच्यामागे कापड नसेल तर पात्र उभे राहत नाही, आणि येथे सोलापूरला तोड नाही. व्हेडरच्या झग्यासाठी ऑनलाइन मिळणारे पातळ सॅटिन वाऱ्याने फडफडते. या पात्राचा झगा जड पडला पाहिजे. गणवेशांच्या व्यवसायामुळे आपल्याकडे सूटिंगचे कापड विपुल मिळते. चाटी गल्लीत ५८ इंच पन्ह्याचे काळे पीव्ही (पॉलिस्टर-व्हिस्कोस) सूटिंग घेतले, आणि पूर्व भागातील एका घरात, जेथे गणवेशाचे शिवणकाम चालते, अंब्रेला कटमध्ये झगा बेतून घेतला. शिवणाऱ्या अक्कांनी झग्याचा सगळा भार गळ्यावर येऊ देण्यास ठाम नकार दिला. त्यांच्या सूचनेप्रमाणे झगा चिलखताच्या खांद्यांना टिच बटणांनी अडकवला, आणि गळ्यापुढची साखळी केवळ शोभेपुरती, वेलक्रोवर ठेवली. झगा कुठे अडकला तर तो ओढीसरशी सुटून येतो आणि मुलाच्या मानेला फास बसत नाही. झग्याची लांबी टाचेच्या वर ठेवावी आणि मागच्या बाजूस उजेडात चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. रात्री सोसायटीच्या रस्त्यावर काळा पोशाख वाहनचालकाला दिसत नाही.

आतला पट्ट्यापट्ट्यांच्या शिवणीचा पोशाख मूळ चित्रपटात चामड्याचा आहे. रेक्झिनने ते रूप हुबेहूब येते, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात रेक्झिन अंगावर चढवणे ही मुलाला शिक्षा आहे. सुती कापडाच्या अंगरख्यावर चिलखताबाहेर दिसणाऱ्या भागापुरतेच, म्हणजे बाह्या आणि पोट एवढ्यावरच, रेक्झिन व फायबरचा थर शिवून घेतला तर लांबून फरक कळत नाही.

चिलखत अंगाला बांधण्यासाठी बहुतेक मार्गदर्शक वेलक्रो आणि प्लास्टिकची बक्कल सुचवतात. मला कापडी बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, अधिक भावले. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर यांच्या यात्रेत नंदीध्वज (उंच मानाच्या काठ्या) धरणारे भक्त जी पांढरी बाराबंदी घालतात, ती बंदांनी बांधली जात असल्यामुळे अंगाच्या ठेवणीप्रमाणे हवी तशी सैल-घट्ट करता येते आणि चालताना अंगाबरोबर हलते. छातीचे आणि पाठीचे चिलखत दोन्ही कुशींना सुती बंदांनी बांधले, तेव्हा वाढत्या वयाच्या मुलाला ते पुढच्या वर्षीही येईल अशी सोय झाली, आणि वेलक्रोचा चर्रकन होणारा आवाजही टळला. बंदांची टोके शीटला नुसती चिकटवू नयेत. शीटला छिद्र पाडून, आत कापडाचा तुकडा आणि बाहेर रिंग बसवून ओवावीत, नाहीतर ओढ बसताच फोम फाटते.

उकाडा हा या पोशाखाचा मोठा शत्रू आहे. बंद छिद्रांचे फोम हवा खेळू देत नाही, त्यामुळे शिरस्त्राणाच्या आत घाम साचतो. आतून सोलापुरी टेरी टॉवेलचे अस्तर वेलक्रोवर लावले; ते घाम टिपते, कपाळाला फोम घासत नाही, आणि काढून धुता येते. घुमटाच्या मागच्या कडेखाली, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, वायुवीजनाची छिद्रे आणि पॉवर बँकेवर चालणारा लहान पंखा बसवला. एवढे करूनही शिरस्त्राण सलग घालून ठेवू नये. छायाचित्रे झाली की काढावे.

आणि आता तो गंभीर दोष. ईव्हीए पेट घेते. पेटल्यावर वितळते, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. हॅलोविनच्या भोपळ्यांत लोक मेणबत्त्या लावतात, आणि आपल्याकडे तर हा दिवस दिवाळीच्या आसपास येतो. २०२४मध्ये नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. पणत्या आणि फुलबाज्या सुरू असलेल्या अंगणात फोमचे चिलखत आणि घेरदार झगा घातलेले मूल जाता कामा नये. आमच्या घरात पोशाख घालण्याआधी फटाके संपलेले असतील, अशी अट मुलांनी मान्य केल्यावरच मी पोशाख त्यांच्या हवाली केला. ही अट प्रत्येक पालकाने घालावी, यात कसलीही सवलत नको.

तयार पोशाख आणून घालणे सोपे आहे, त्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही: पातळ पॉलिस्टरवर छापलेले चिलखत आणि इलॅस्टिकचा प्लास्टिक मुखवटा एका संध्याकाळपुरता चालतो. त्रिमितीय छपाईचे शिरस्त्राण रेखीव येते, पण घासून-लिंपून गुळगुळीत करण्याचे श्रम कमी नसतात, आणि मुलाच्या मानेसाठी ते जड आहे. ते पडले तर तडकते. फोमचे शिरस्त्राण जिन्यावरून गडगडत गेले तरी रंगाचा टवका उडण्यापलीकडे त्याला काही होत नाही.

पोशाख ठेवताना त्याला उन्हापासून जपावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेल्या चिलखताचे सांधे सुटू लागतात आणि पाकळ्या सपाट होऊ पाहतात. घरात सावलीत, शिरस्त्राण उपड्या पातेल्यावर आणि चिलखत आतून कागद भरून ठेवले तर आकार टिकतो. सुटलेला सांधा जुना गोंद खरवडून, नव्याने दोन्हीकडे सोल्यूशन लावून पूर्ववत होतो. कोरी शीट गुंडाळून न ठेवता सपाट ठेवावी, कारण गुंडाळीचा बाक तिच्यात बसतो आणि नमुना उतरवताना मापे चुकतात.

प्रथमच हे काम करणाऱ्याने थेट शिरस्त्राणाला हात घालू नये. ६ एमएमची अर्धी शीट आणि सोल्यूशनचा लहान डबा आणून आधी मनगटापासून कोपरापर्यंतचे एक कवच करावे. कापणे, तापवणे, सांधणे, लिंपणे, रंगवणे आणि बंद ओवणे या सगळ्या पायऱ्या त्यात येतात, आणि बिघडले तरी नुकसान थोडे होते. ते हातावर नीट बसले, तर उरलेल्या कामासाठी लागणाऱ्या सगळ्या शीट एकाच वेळी आणि दुकानदाराला विचारून एकाच मालातल्या घ्याव्यात, कारण घनता बदलली की तीच उष्णता छातीच्या डाव्या आणि उजव्या भागाला वेगवेगळा बाक देते.